नेस्टरची खारी जमीन

फाटकाशी पांढरी पिकअप गाडी येऊन उभी राहिली होती, आणि आतली बाई काही केल्या उतरत नव्हती. नेस्टर पिडलुब्नी खिडकीचा पडदा बोटभर बाजूला सारून तिच्यावर नजर ठेवून होता.

"कोण आहे?" अडेलाने शेगडीपाशी उभ्याउभ्याच विचारलं.

"बाई आहे कोणी. नुसती बसलीय. काहीतरी लिहितेय."

"लिहू दे की."

"माझ्या फाटकात बसून काय लिहायचंय तिला?"

अडेला शेगडीवरचं भांडं ढवळत राहिली. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती, आणि नवऱ्याच्या अशा प्रश्नांना उत्तरं द्यायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. टपाल उशिरा आलं तरी नेस्टरला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायचं. शेतावरून विमान जरा खालून गेलं, की ते सरकारचंच असणार.

तसा तो जन्मापासून असा नव्हता. कलिना गावातली जुनी माणसं सांगत, तरुणपणी नेस्टर भोळा होता. कॅनडाच्या साऱ्या सस्कॅचेवान प्रांतात त्याच्याइतका मोकळा माणूस सापडला नसता. मग बाराएक वर्षांपूर्वी टाय लावलेला, गोड बोलणारा एक माणूस आला आणि माती 'जागी' करणारं तपकिरी औषध त्याच्या गळ्यात मारून गेला. पिंपंच्या पिंपं. मेलेल्या माशासारखा वास. नेस्टरने ते अख्ख्या गव्हावर फवारलं. गहू जसा यायचा तसाच आला, वास मात्र पहिलं बर्फ पडेपर्यंत गेला नाही. त्या हिवाळ्यात पेट्रोल पंपामागच्या कॉफीच्या टेबलावर त्याला नवं नाव पडलं: काढेवाला. शेजारी मेल्विन गुडब्रँडसन अजूनही अधूनमधून त्या नावाने हाक मारायचा, आणि नेस्टर अजूनही दर वेळी तेवढाच लाल व्हायचा.

बाई शेवटी उतरली. तिशीची असेल. पायांत चिखलाने माखलेले बूट, डोक्यावर बी-बियाण्याच्या दुकानात फुकट मिळते तसली टोपी.

"मिस्टर पिडलुब्नी? मी केंड्रा ओलेक्सिन. खालच्या तळ्याच्या पाणलोट संघाकडून आलेय. रस्त्यावरून तुमच्या पलीकडच्या शेतातला तो पांढरा पट्टा दिसला."

"दिसतो तो. सगळ्यांना दिसतो. मग?"

"दर वर्षी वाढतोय, नाही?"

वाढत होता, ते खरंच होतं. शेताच्या मधोमध एक पाणथळ खळगा होता आणि त्याच्या कडेने खार फुटून जमीन मिठागरासारखी झाली होती. नेस्टरच्या बापाच्या वेळी तो पट्टा घोडागाडीच्या वाटेएवढा होता. आता त्यात लाल तणाशिवाय काही उगवत नसे. तरी नेस्टर दर वसंतात तिथेही गहू पेरायचा आणि दर वर्षी ते बी वाया जायचं.

"तिथे पेरणं सोडा," केंड्रा म्हणाली. "खळग्याच्या कडेने मेथीघास लावा आणि मधल्या पांढऱ्या भागात खार सोसणारं गवत. मेथीघासाची मुळं खोल जातात. खालचं पाणी तीच पिऊन टाकतात, त्यामुळे खार वर यायचा थांबतो. बी आम्ही देतो."

"देता म्हणजे?"

"फुकट."

हा शब्द ऐकला आणि नेस्टरच्या मनात जी काही थोडी फट होती तीही बंद झाली. तो गाडीच्या पाटीकडे बघू लागला. पाटीवर तळं होतं, गव्हाची ओंबी होती, आणि कोपऱ्यात एक बदक.

"हे बदक कशाला?"

"चित्र आहे नुसतं."

"बदकवाल्यांची, त्या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेची माणसं आहात तुम्ही. आज गवत लावायला सांगाल, उद्या म्हणाल इथे बदकांनी अंडी घातली, आता ट्रॅक्टर आणायचा नाही."

केंड्रा हसली. ती हसायला नको होती. नेस्टरला वाटलं, बरोबर वर्मावर बोट पडलंय म्हणूनच हसतेय.

तरी त्याने मातीचे नमुने घेऊ दिले. नाही म्हटलं असतं तर तिला कळलं असतं की आपण घाबरलो, आणि ते त्याला नको होतं. ती लोखंडी नळी जमिनीत खुपसत पट्टाभर फिरली. नेस्टर चार पावलं मागे राहून तिच्या हातांकडे बघत होता. नळीतली माती तिने पिशवीत भरली, पिशवीवर त्याचं नाव घातलं आणि ती गाडीच्या मागच्या खोक्यात ठेवली. खोक्यात आणखी पिशव्या होत्या. मेल्विनचं नाव नेस्टरने लगेच हेरलं.

म्हणजे ही मेल्विनकडेही जाते! मेल्विनचा या शेतावर डोळा होता हे साऱ्या कलिनाला माहीत होतं. निदान नेस्टरला तरी माहीत होतं.

तेवढ्यात अडेलाने दारातून हाक मारली, "पोरी, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही! मधाचा केक केलाय."

केंड्रा आत गेली. नेस्टर म्हणाला, "हात धुऊन आलोच," आणि गाडीपाशी रेंगाळला.

त्या क्षणी त्याच्या मनात नेमकं काय आलं ते त्याला पुढे कधी धड सांगता आलं नाही. त्या तपकिरी औषधवाल्यानेही त्याच्या मातीचा नमुना नेला होता. तुमची माती झोपलीय, असा अहवालही आणला होता. साऱ्या गावाची मातीच त्याच्या मते झोपलेली होती! ही बाईही सगळ्यांना एकच औषध पाजत असणार. मग बघूच की. त्याने आपल्या नावाची पिशवी उचलली, आतली माती कुंपणापलीकडे ओतली, घरामागच्या वाफ्यात फावडं मारलं आणि ती काळीभोर, भुसभुशीत माती पिशवीत भरली. या मातीलाही हिने खारी ठरवलं, की चोर पकडला.

मग त्याने हात धुतले आणि आत जाऊन केकचे दोन तुकडे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागून अडेलाची किंकाळी ऐकू आली.

"माझा लसूण! नेस्टर! कोणीतरी माझा लसूण खणून नेला!"

बर्फाआधी लावलेला लसूण नुकताच वर आला होता. हिरव्या कोंबांच्या रांगेत मधोमध मोठा खड्डा पडला होता. नेस्टरने घाईघाईत पायाखाली पाहिलंच नव्हतं.

"कुत्रं असेल," तो म्हणाला.

"कुत्रं? आपल्याकडे कुठे कुत्रं आहे?"

"मेल्विनचं आहे ना."

अडेलाने खड्ड्याकडे बघितलं, मग मेल्विनच्या घराच्या दिशेने बघितलं, आणि तिचे ओठ घट्ट मिटले. नेस्टर घरात आला आणि उगाचच रेडिओ लावून बसला.

अहवाल घेऊन केंड्रा आली तेव्हा गव्हाची पेरणी निम्मी झाली होती. ती या वेळी गाडीतून लगेच उतरली. चेहरा ओढलेला होता.

"तुमच्या मातीत खार नाहीच म्हणतात प्रयोगशाळेवाले," ती म्हणाली. "उलट इतकी सकस, राखखत ओतल्यासारखी माती मी या भागात पाहिली नाही. शेताची माती अशी नसतेच."

नेस्टर वाट बघत होता. आता ती काहीतरी पिल्लू सोडेल, म्हणेल तरीही गवत लावाच.

"मी खार डोळ्यांनी पाहिलाय," केंड्रा म्हणाली. "बुटाला लागला होता. तेव्हा चूक माझीच. पिशव्यांची अदलाबदल झाली असणार. तुमची दुसऱ्या कोणाला गेली, दुसऱ्या कोणाची तुम्हाला आली. माफ करा. त्या दिवशीचे सगळेच नमुने मला पुन्हा घ्यावे लागतील. आणि ज्यांना मी अहवाल दिलेत त्यांना जाऊन सांगावं लागेल की त्यांवर विसंबू नका."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. आणखी काय करणार?"

चोर काही पकडला गेला नव्हता. नेस्टरला तिथल्या तिथे सांगता आलं असतं. तो तोंड उघडणारही होता, पण मग त्याला वाटलं, हेही नाटक असू शकतं. इतकं सरळ कोण वागतं?

"बघा बाई," तो म्हणाला, "आमचा वेळ फुकटचा नाही."

पुढचे काही दिवस पेट्रोल पंपामागच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. सगळ्यात जास्त भडकला होता मेल्विन. त्याने केंड्राचं ऐकून शेताचा एक तुकडा गव्हातून काढून घासासाठी राखून ठेवला होता.

"आता ती म्हणते तो अहवाल कदाचित माझा नव्हेच!" मेल्विनने टेबलावर कप आपटला. "म्हणजे मी कुणाच्या दुखण्यावर औषध घेऊन बसलोय?"

"पोरीला पिशवीवर नाव घालता येत नाही आणि आम्हाला शेती शिकवतेय," कुणीतरी म्हणालं.

"संघाच्या बैठकीत विषय निघणार आहे म्हणे. काढून टाकतील तिला."

"नेस्टर, तू बोलत नाहीस रे? तुला तर आनंद व्हायला हवा, काढेवाल्या."

आनंद व्हायला हवा होता खरा. पहिल्या दिवशी थोडा झालाही. पण आज त्याने कॉफी अर्धीच टाकली. त्या तपकिरी औषधवाल्याने माफी मागितली नव्हती, हे त्याला आठवलं. तो तर फोनही उचलायचा बंद झाला होता.

चर्चच्या दालनात वसंतातलं जेवण होतं. बायकांनी सकाळपासून बटाट्याच्या पिरोग्या, उकडलेल्या करंज्याच म्हणा, वळल्या होत्या. कोबीचे रोल होते, बीटाचं सूप होतं, आणि सारा कलिना ताटं घेऊन रांगेत उभा होता. केंड्राही आली होती. शेतकरी एका जागी भेटतील, प्रत्येकाशी बोलता येईल, म्हणून. तिच्याभोवती थोडी मोकळी जागा राहिली होती. तिच्याशी कोणी भांडत नव्हतं, पण शेजारी येऊन बसतही नव्हतं.

अडेला सुपाच्या पातेल्यापाशी वाढत होती. मेल्विन ताट घेऊन पुढे आला तशी तिने पळी हवेतच थांबवली.

"मेल्विन, तुझं कुत्रं फावडं चालवतं का रे?"

"काय?"

"माझ्या लसणाच्या वाफ्यात खड्डा पडलाय. चांगला चौकोनी. कडा सुरीने कापल्यासारख्या. नेस्टर म्हणतो तुझ्या कुत्र्याचं काम. मी महिनाभर विचार करतेय, कोणतं कुत्रं चौकोनी खणतं?"

"माझं कुत्रं म्हातारं झालंय, अडेला. ते जेवायलाही उठत नाही."

"मग कोण? आणि माती कुठे गेली? खड्ड्याशेजारी ढीग नाही, काही नाही. नुसती माती नेली! ही पोरगी चहाला आली होती ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं मी."

केंड्रा दोन माणसं मागे रांगेत होती. तिने मान वर केली.

"अडेला," ती सावकाश म्हणाली, "त्या वाफ्यात तुम्ही राख घालता का?"

"राख, कोंबड्यांचं खत, सगळं घालते. माझ्या सासूच्या वेळेपासून घालतोय आम्ही."

केंड्राने ताट बाजूच्या टेबलावर ठेवलं. ती वळली आणि दालनाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या नेस्टरकडे बघू लागली. नेस्टरच्या काट्यावर पिरोगी तशीच राहिली. अडेलाने केंड्राकडे पाहिलं, मग तिची नजर जिकडे होती तिकडे पाहिलं, आणि तिच्या हातातली पळी पातेल्यात पडली.

"नेस्टर!" ती म्हणाली. "तू?"

सगळी रांग नेस्टरकडे वळली.

"मला बघायचं होतं," नेस्टर म्हणाला.

"काय बघायचं होतं?" हे केंड्राने विचारलं. आवाज चढवला नाही तिने.

"सगळ्यांना एकच औषध देतेस का, ते."

"मला विचारायचं होतंत."

"विचारल्यावर कोण खरं सांगतं?"

मेल्विन आधी खो खो हसला. मग त्याला आपल्या शेताची आठवण झाली आणि तो हसायचा थांबला. "अरे लेका, तुझ्यापायी मी आठवडाभर झोपलो नाही!"

"मी सतरा घरं फिरले," केंड्रा म्हणाली. "प्रत्येकाच्या ओट्यावर उभी राहून म्हटलं, माझं चुकलं. तुम्ही मला केक खाऊ घालून गप्प बसलात." ती आणखी काही बोलणार होती, पण मध्येच थांबून कोट उचलून बाहेर गेली. जेवलीही नाही.

नंतरचे कित्येक दिवस अडेला त्याच्याशी मीठ दे, दार लाव, यापलीकडे बोलली नाही.

संघाची बैठक कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या इमारतीत, वरच्या माडीवर होती. नेस्टरला कुणी बोलावलं नव्हतं. तो टोपी हातात घेऊन शेवटच्या रांगेत उभा राहिला आणि केंड्राचा विषय निघाला तसा बसलेल्या लोकांच्या डोक्यांवरून बोलला.

"तिच्या पिशव्या बरोबर होत्या. सगळ्यांच्या. फक्त माझ्या पिशवीत मी माती बदलली. तिला काढायचं असेल तर दुसरं कारण शोधा."

"का बदललीस?" अध्यक्षांनी विचारलं.

"फुकट म्हणाली म्हणून."

लोक हसले. केंड्रा हसली नाही. बैठक संपल्यावर जिन्यात ती त्याच्याजवळ थांबली. "बी तुम्हाला मिळेल, नियमाने मिळतं ते. मी मात्र तुमच्या शेतात येणार नाही," एवढं बोलून ती खाली उतरून गेली.

बी शरदात आलं, तेही मेल्विनच्या हातून. नेस्टरने पोतं उघडलं, मूठभर बी ओल्या फडक्यात बांधलं आणि खिडकीत ठेवलं.

"आता हे काय?" अडेलाने विचारलं. तोवर ती बोलू लागली होती.

"रुजतंय का बघतो. रागावलीय ती माझ्यावर. मेलेलं बी दिलं असलं तर?"

अडेलाने कपाळावर हात मारून घेतला. बी रुजलं. मग बर्फ पडण्याच्या बेतात असताना त्याने ते पेरलं. कडेने मेथीघास, मध्ये ते खार सोसणारं गवत.

पहिल्या उन्हाळ्यात लाल तणच माजलं. नेस्टर रोज संध्याकाळी जाऊन बघायचा आणि रोज त्याची खात्री पटायची की तिने सूड घेतला. शेवटी तो कुंपण ओलांडून मेल्विनच्या शेतात शिरला, चोरासारखा वाकून, त्याचं कसं आलंय ते बघायला. तिथे मेल्विन स्वतःच तणात गुडघ्यावर बसला होता.

"तुझंही असंच?" मेल्विनने विचारलं.

"असंच."

"मला वाटलं तुझं चांगलं आलं असेल. तुला चांगलं बी देऊन मला भुसा दिला असेल तिने."

दोघंही बराच वेळ तण बाजूला सारत कोंब शोधत बसले. कोंब होते. बारीक, पण होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात खळग्याच्या कडेला मेथीघास गुडघ्यापर्यंत आला. जांभळी फुलं, त्यावर मधमाश्या. जिथे पूर्वी बुटाखाली खार करकरायचा तिथे माती बोटाने दाबली की ओली लागायची, काळी दिसायची. मधला भाग अजून पांढराच होता, पण त्यालाही कडेकडेने गवताचे झुबके फुटले होते. नेस्टरने मेथीघास कापून गाईंना घातला. गाई खाताना तो त्यांच्याकडेही थोडा संशयानेच बघत होता.

केंड्रा आली ती त्याच शरदात. संघाच्या नियमाप्रमाणे पाहणी करायलाच हवी होती, तसं तिने फाटकातच सांगून टाकलं. दोघं पट्ट्यावरून चालले, मध्ये भरपूर अंतर ठेवून.

"खरं सांग," नेस्टर म्हणाला, "यात कोणाचं काय निघतं?"

"मला पगार मिळतो. तळ्यात गाळ कमी जातो. तुम्हाला चारा होतो. बदकांनाही बरं पडतं," ती म्हणाली. "हो, बदकवाले आम्हाला मदत करतात. तुम्ही त्या दिवशी विचारलंत तेव्हा मी हसले, ते चुकलं माझं. सरळ सांगायला हवं होतं."

नेस्टर थांबला. एवढ्या काळात त्याचा एक तरी संशय खरा निघाला होता, आणि तो तिनेच तोंडाने कबूल केला होता. त्याला विलक्षण बरं वाटलं.

"पण ट्रॅक्टर अडवणार नाहीत?"

"संघाच्या कागदांत कुठेही तसं लिहिलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका. वाचून घ्या."

त्याने खरंच सगळं वाचलं. एक अख्खा हिवाळा वाचत होता. समजलं नाही तिथे फोन करायचा, आणि केंड्रा कपाळाला आठ्या घालून का होईना, उत्तर द्यायची. पुढच्या वसंतात संघाच्या समितीवर एक जागा रिकामी झाली तेव्हा तिने त्याचं नाव सुचवलं. मेल्विन म्हणाला, "वेड लागलंय तुला? तो प्रत्येक गोष्टीत खोट काढेल." ती म्हणाली, "म्हणूनच."

तेव्हापासून कलिनात शेतीचं कुठलंही नवं खूळ आलं, की आधी ते अडेलाच्या स्वयंपाकघरात यायचं.

एकदा एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. गुळगुळीत बूट, मऊ आवाज. जमीन न नांगरता ठेवा, मातीत कार्बन साठवा, आम्ही मोबदला देऊ, असं त्याचं म्हणणं होतं. केंड्राच त्याला घेऊन आली होती. अडेलाने सगळ्यांना सूप वाढलं. नेस्टर चष्मा लावून त्याचा करार वाचत बसला. सूप निवलं, माणूस घड्याळाकडे बघू लागला, तरी तो वाचतच होता.

"नांगर तर मी वीस वर्षांपूर्वीच सोडला. त्याचे काही पैसे नाहीत?"

"नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी आहे ही योजना."

"बरं. आणि मी मेल्यावर?"

"म्हणजे?"

"इथे लिहिलंय, मातीवरचा हा हक्क तुमच्याकडे राहील. मी मेल्यावर माझ्या मुलीने शेत विकलं, आणि घेणाऱ्याला नांगरायचं असलं, तर?"

माणूस हसला. "तो फार लांबचा प्रश्न आहे."

"माझं वय बघ. तितका लांबचा नाही."

माणसाने पानं उलटली, पुन्हा उलटली. कार्यालयात विचारून सांगतो म्हणाला. मग उठला. जाताना अडेलाने त्याच्या हातात पिरोग्यांचा डबा दिलाच, कारण तिच्या घरातून कुणी रिकाम्या हाताने जात नसे.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत नेस्टर खिडकीशी उभा होता. मग तो केंड्राकडे वळला. डोळे बारीक करून.

"तू कशाला आणलंस त्याला इथे?"

"मलाही काहीतरी खटकत होतं," केंड्रा म्हणाली. "पण काय विचारायचं ते कळत नव्हतं."

नेस्टरने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. हे खरं असेल का, याचा विचार करत असावा. मग त्याने खुर्ची ओढली आणि निवलेलं सूप प्यायला बसला.